गोळ्यांची प्रतवारी

सारजाच्या गोळ्या जरा नीट लावून ठेवाव्यात, एवढंच मी ठरवलं होतं. यात कुणाला वाईट हेतू दिसत असेल तर त्यानं खुशाल सांगावं.

सारजा माझी बायको. बारामतीच्या दवाखान्यात सहा दिवस राहून ती लासुर्ण्याला घरी आली, ती प्रेशर आणि साखर असे दोन मुक्कामी पाहुणे घेऊनच. गोळ्यांचं काम मी अंगावर घेतलं. लेक विजयमाला बारामतीला दिलेली. जाताना तिनं मला उंबऱ्यात गाठलं.

"आबा, आठ दिस बघते. गोळ्यांत एक जरी घोळ झाला, तर आईला मी घेऊन जाणार. परत न्हाय आणायची."

मी "बरं" म्हणालो. (मी कमी बोलतो आणि तेही सावकाश. माझं एक वाक्य पुरं होईस्तोवर सारजाची एक भाकरी भाजून होते.) पण सारजा दवाखान्यात असताना मी घरात एकटा होतो. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला आवाज आहे, हे मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या सहा दिवसांत कळलं.

तीन दिवस बिनघोर गेले. चौथ्या दिवशी दुपारी सारजा झोपली होती, म्हणून मी गोळ्यांची पिशवी उघडून बसलो. आत कात्रीनं कापलेली अर्धी पाकिटं, चुरगळलेली, एकात एक अडकलेली. माझा जन्म डाळिंबाची प्रतवारी करण्यात गेला. असा माल बाजारात नेला तर व्यापारी तोंडाकडंही बघणार नाही. माझे हात शिवशिवले.

मिसळणाचा डबा रिकामा करून पुसला. एकेक गोळी पाकिटातून फोडली आणि बसलो निवडायला. थोरला माल एका वाटीत, मधला दुसरीत, बारीक तिसरीत. पाच जातीच्या गोळ्या तीन वाट्यांत बसवल्या, याचा मला अभिमानच वाटला. रिकामी पाकिटं पेटत्या बंबात घातली.

संध्याकाळी जेवणाआधी मी सारजापुढं डबा उघडला. तिनं वाकून बघितलं.

"हे काय?"

"गोळ्या."

"मग पिवळ्या कशानं झाल्या?"

(हळदीची वाटी मी पुसली होती. धुवायची राहिली होती.)

"अवो, माझी जेवणाआधीची हिरव्या पाकिटातली. ती कुठली ह्यात?"

आता सारजाला वाचता येत नाही आणि मी चौथी शिकलेला. गोळ्या ती पाकिटाच्या रंगावर ओळखायची, मी तिच्या सांगण्यावर. आणि पाकिटं तर बंबात.

"मधल्यातली आसंल," मी म्हणालो. एक उचललीही. तिनं विश्वासानं हात पुढं केला. चाळीस वर्षं माझ्यासाठी भाकरी थापणारा तो हात बघून माझ्या बोटांतली गोळी काही सुटेना. ही चुकीची निघाली तर? आणि लेकीला कळवलं, तर सारजा बारामतीला जाणार.

मी गोळी परत वाटीत टाकली आणि फोन लावला.

"इजू," मी म्हणालो. "तुझी आई..."

"काय झालं आईला?"

"आई... काय न्हाय... पर तिच्या गोळ्या... सगळ्या..."

"सगळ्या खाल्ल्या?"

"न्हाय... मी..."

"तुमी खाल्ल्या?"

शेवटी सारजानं माझ्या हातातला फोन ओढला. "कुणी काय खाल्लं न्हाय. तुझ्या बापानं गोळ्यांची प्रतवारी केलीया. मी ठणठणीत हाय, पर ये."

विजयमालानं आधी डॉक्टरांना फोन केला, मग गावातल्या मेडिकलवाल्या नागेशला. नागेश दहा मिनिटांत नवी पाकिटं घेऊन हजर झाला. त्यानं डब्यात बघितलं आणि एक गोळी उचलून हुंगली.

"आबा, ह्यातली एकबी गोळी पोटात जाता कामा न्हाय. रंगावर न् आकारावर औषध वळखत न्हाईत. नाव पाकिटावर, मुदत पाकिटावर. शिवाय उघड्यावर गोळीला ओल लागती. खायच्या टायमालाच फोडायची."

"एखाद्या टायमाला चुकलीच, तर म्होरल्या टायमाला दोन द्यायच्या का?" मी विचारलं. (म्हटलं, आलाच आहे तर शिकून घ्यावं.)

"न्हाय! डॉक्टरला नायतर मला इचारायचं. उसाचा युरिया टाकायचा राहिला, तर तुमी म्होरल्या बारीला दुप्पट टाकता का?"

"टाकतो की."

"म्हणून तुमचा ऊस लोळतो."

नागेश थांबला होता. तासाभरात विजयमाला आली. नागेशकडून सगळं ऐकलं, डबा त्याच्या पिशवीत ओतला आणि सरळ कपाटातून आईची लुगडी काढायला लागली. मी भिंतीला टेकून उभा. बोलायचं पुष्कळ होतं, पण माझं वाक्य अजून निघायचं होतं.

सारजा उठली. लेकीच्या हातातलं लुगडं घेऊन परत कपाटात ठेवलं.

"मी न्हाय यायची."

"आई, आज काय झालं असतं कळतंय का?"

"कळतंय. ह्यांनी गोळी हातात धरली हुती. दिली असती तर तुला कळलंबी नसतं. तू मला नेणार हे ठावं असून त्यांनी तुला फोन लावला. मला आसलाच माणूस पाहिजे." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पर गोळ्या आता माझ्या मी घेणार."

विजयमालानं कपाट लावलं आणि खाली बसली. नागेशनं प्रत्येक पाकिटावर पेनानं खूण करून दिली. सकाळच्याला सूर्य, रातच्याला चांद. सारजाला एका दमात पाठ झालं. गोळ्यांचं उरलेलं एकच काम माझ्या वाट्याला आलं. तिनं गोळी फोडली, की पाण्याचा तांब्या पुढं करायचा.

काल विजयमालानं फोनवर विचारलं, "आई, आबांना जमतंय का तेवढं?"

"जमतंय की," सारजा म्हणाली. "सकाळी तांब्या अगदी टायमावर आणला. नुसतं पाणी इसरले."