शेषरावांनी पारखलेला पलंग

लाकडाची पारख करावी ती शेषरावांनीच, असं मेहकरच्या आसपासच्या चार गावांत कोणी म्हणत नसे. शेषराव स्वतःच म्हणत. खांबावर बोटाचं पेर वाजवायचं, कान लावायचा आणि झाडाचं वय सांगून टाकायचं. झाड केव्हाच तोडून झालेलं असल्यामुळे त्यांना खोटं पाडायला कोणी उरत नसे.

त्या माघात ही पारख कामाला लावायची वेळ आली. त्यांच्या मंजुळेला मलकापूरचं स्थळ सांगून आलं. मुलगा शालिग्राम, जिनिंग फॅक्टरीत कारकून, वडील वारलेले. मंजुळेची आई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि आधीची दोन स्थळं ‘बिनबाईचं घर, पोरीला वळण कोण लावणार’ असं म्हणून परत गेली होती.  दुसऱ्या वेळी, पाहुण्यांसाठी काढलेले पितळी पेले घासून मंजुळा ते पुन्हा फडताळात ठेवत असताना शेषरावांनी तिचं तोंड पाहिलं होतं. त्यानंतर दोन दिवस त्यांना भाकर गोड लागली नाही.

“पाह्यणे मलकापूरचे हायेत, आक्का,” ते झुंबरबाईंना म्हणाले. झुंबरबाई म्हणजे त्यांची थोरली विधवा बहीण; घर आता तीच सांभाळत होती. “त्यायच्या घरी खुर्च्या-टेबल असतीन. आपल्या घरी बसाले घोंगडी. हिची माय होती तवा कसा कोरीव सागवानी पलंग होता घरात.”

झुंबरबाई ज्वारी पाखडत होत्या. काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, भावाकडे पाहिलं आणि पुन्हा पाखडू लागल्या.

शेषराव आधी गेले मोतीराम सुताराकडे. मोतीराम म्हणाला, “करतो ना नवा पलंग. पण लाकूड ओलं हाये, मालक. पाह्यणे बसले का कुरकुरन.”

“कुरकुरणारा पलंग अन् कुरकुरणारी विहीण, दोन्ही एकदम नोको,” शेषराव म्हणाले आणि त्यांनी नव्याचा नाद सोडला.

मग कळलं की बुलढाण्याच्या एका गोऱ्या साहेबाची बदली झाली आहे आणि बंगल्यातलं सामान लिलावात निघालंय. शेषराव छकडा जुंपून तिथवर गेले, तर वेताच्या खुर्च्या वकील मंडळींनी आपसांत केव्हाच वाटून घेतल्या होत्या. शेषरावांच्या पदरात पडलं ते टोप्या अडकवायचं एक लाकडी झाड. घरी आल्यावर झुंबरबाईंनी त्याला लसणाच्या जुड्या टांगल्या.

शेवटी कपाशीच्या गाड्या घेऊन ते मलकापूरला गेले असताना जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना हवं ते सापडलं. शिसवी पलंग, पाय नक्षीदार, उशाशी समोरासमोर दोन मोर. एका मोराची चोच तेवढी तुटलेली. शेषरावांनी पेर वाजवलं, कान लावला आणि डोळे मिटले.

“कोणाचा हो हा?”

“बामनाच्या घरचा,” दुकानदार म्हणाला. “त्यानं एक रात्र अंगाखाली घेतला नाई. पूजा होऊन आलेला माल हाये, पाटील.”

ब्राह्मणाच्या घरचा, कोरा आणि वर पूजा झालेला! लग्नाच्या घराला आणखी काय हवं? शिवाय मलकापूरच्या माणसांपुढे मलकापूरचाच माल मांडायचा, म्हणजे त्यांना आपल्या घरी आल्यासारखं वाटणार. इतका स्वस्त का, हे शेषरावांनी विचारलं नाही. उगाच दुकानदाराला जाग यायची. दुकानदार एका शब्दानंही खोटं बोलला नव्हता. आणखी दोन शब्द बोलला नव्हता, इतकंच.

चौथ्या दिवशी पलंग गावात पोचला, पण दारातून आत जाईना. मोतीरामानं पाय उपसून, आत नेऊन, नव्या खुंट्या ठोकून तो असा पक्का बसवला की आता घर पाडल्याशिवाय निघायचा नाही, असं तो अभिमानानं म्हणाला. पाहुणे दुसऱ्याच दिवशी सकाळी यायचे होते.

सकाळी झुंबरबाई पलंग पुसायला बसल्या. मोरांच्या मागच्या खाचेत त्यांचं बोट गेलं ते वाळलेली तुळशीची पानं आणि काळे तीळ घेऊन बाहेर आलं. त्यांनी ते तळहातावर धरून भावापुढे केले.

“शेषराव, हा तेराव्याचा पलंग हाये.”

 माणूस गेलं की तेराव्याला त्याच्या नावानं पलंग, गादी, छत्री, जोडे ब्राह्मणाला देतात. पुढच्या वाटेवर त्याला उघड्या भुईवर निजावं लागू नये म्हणून. पण ब्राह्मणानं तरी एवढे पलंग ठेवायचे कुठे? तो ते विकतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी विचारत नाही.

“बाहेर काढा,” शेषराव म्हणाले.

“कसा काढतं? तुह्या मोतीरामानं खुंट्या ठोकल्या ना!”

तेवढ्यात दारात घुंगरं वाजली. झुंबरबाईंनी घाईघाईनं पलंगावर तांबडी सतरंजी टाकली आणि मोरांना तोंडावरून पांघरूण घातलं.

पाहुणे दोघंच होते. मुलाची आई सत्यभामाबाई आणि चुलता रंगराव. रंगरावांच्या मिशा मोठ्या आणि मत त्याहून मोठं. मानाची जागा म्हणून सत्यभामाबाईंना पलंगावरच बसवावं लागलं. शेषराव पुढे सरसावून म्हणाले, “खाली बसा ना, घोंगडी मऊ हाये.” रंगरावांना हा अपमान वाटला. “काऊन? पलंग कोणासाठी मांडला मंग?”

मंजुळा पोह्यांच्या बशा घेऊन आली. सत्यभामाबाईंनी तिला जवळ बसवलं, नाव विचारलं, हात पाहिले. चेहऱ्यावर पसंती दिसू लागली, आणि शेषरावांच्या जिवात जीव आला. मग त्या टेकायला म्हणून मागे सरल्या. त्यांचा हात सतरंजीखाली गेला आणि तिथंच थांबला.

त्यांनी सतरंजी हळूच बाजूला केली.

“ही चोच माह्या शालिग्रामनं तोडली,” त्या म्हणाल्या. “पाच वर्साचा होता.”

रंगराव ताडकन उभे राहिले. “शेषराव, हे काय मांडलं तुमी? माह्या भावाच्या नावानं देल्लेला पलंग, अन् त्याच्यावर त्याच्याच बायकोले बसवता?”

इथं गप्प बसणं हेच शहाणपण होतं. शेषराव हात जोडून म्हणाले, “चुकलो. तुमचाच हाये तर घेऊन जा परत. पैसे नोको.”

“देल्लेलं दान परत?” रंगरावांचा आवाज चढला. “वाटेले लागलेला माणूस माघारी बोलावता का? चाल वहिनी, उठ. झाली सोयरीक.”

मंजुळेनं न सांगताच बशा गोळा करायला घेतल्या.  पण सत्यभामाबाई उठल्या नाहीत.

“बसा, भाऊजी. ते अंथरुणाले खिळले होते तवा सात महिने मी याच पलंगाच्या पायाशी बसून काढले. जराक बसू द्या.” मग त्या शेषरावांना म्हणाल्या, “तुमच्या घरची गेली, तवा तुमी काय देल्लं?”

“कोरीव सागवानी पलंग,” शेषराव म्हणाले.

“आता कुठी हाये तो?”

 चार वर्षांत शेषरावांना हे एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. सगळ्या वऱ्हाडातलं लाकूड पारखणाऱ्या माणसाला आपल्याच बायकोचा पलंग कुठे गेला ते माहीत नव्हतं, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

“कोणीतरी निजून राह्यलं असन त्यावर,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “माहा निदान चांगल्या घरी सापडला. पोरगी पसंत हाये मले. पण हा पलंग आंदणात घालू नोका, आमच्या घरी येऊ देता येत नाई. अन् विकूही नोका. मी आली का इथंच निजन.”

वैशाखातली तिथी धरायची ठरली. आंदणाला नवा पलंग मोतीरामानंच करायचा, ओल्या लाकडाचा. कुरकुरला तर कुरकुरला.

पाहुण्यांचा छकडा गेल्यावर शेषराव घरात आले. पलंगावर बसायचा धीर होईना, म्हणून शेजारी भुईवर टेकले.

“आक्का, मंजुळेच्या मायच्या पलंगावर काय कोरलं होतं? मोर का पोपट? काई केल्या याद येऊन नाई राह्यली.”

झुंबरबाई पोह्यांच्या बशा धूत होत्या. या वेळी त्यांनी तोंड मिटलं नाही.

“पलंग कुठचा, बापा? बाभळीची बाज होती. मेहकरच्या बाजारातून तूच आणली होती, स्वस्त भेटली म्हणून. बारा वर्सं तिच्यावरच निजली ते बिचारी, अन् तेच बाज देल्ली तेराव्याले.”

शेषरावांनी पलंगाच्या पायावर बोटाचं पेर वाजवलं. कान मात्र लावला नाही.