डॉक्टरांचा गोड आवाज

"तीन दिवसांत चौकशी पुरी करून कागद आपल्या हातात ठेवतो!" असं मी दिवाणसाहेबांना छातीवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा कचेरीतल्या बाकीच्या कारकुनांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, आदरानं घातल्या!

गोष्ट एकोणीसशे आठ सालची. आमच्या देवासच्या दवाखान्यात उमाशंकर नावाचे नवे डॉक्टर आले होते, उज्जैनकडचे. सरदार बळवंतरावांनी त्यांच्याविरुद्ध अर्ज केला होता: 'डॉक्टर उद्धट आहे, त्यास काढून टाकावे.' चार रोग्यांना विचारायचं, चार ओळी लिहायच्या. डॉक्टर राहणार की जाणार, ते या दत्तोपंताच्या बोरूवर!

पहिला मान तक्रारदाराचा.

"मी गुडघा दाखवायला गेलो," बळवंतराव गरजले, "तर म्हणतो, गुडघ्याचा काही दोष नाही, त्याच्यावर जे लादलंय त्याचा आहे! वीस माणसांसमोर!"

त्यांनी पोटावरून हात फिरवला. हात पलीकडे पोचायला बराच वेळ लागला. मग त्यांनी मला आग्रह करकरून जेवू घातलं. मी लिहिलं: 'डॉक्टर उद्धट.'

तिथून गेलो खंडोजींकडे. हे पागेतले जुने शिलेदार.

"शिव्या देतो ना!" खंडोजी म्हणाले. "रोज! म्हणतो, घोड्याला अक्कल आहे, तुला नाही!"

"मग लिहू तसं?"

"खबरदार!" त्यांच्या मिशा उभ्या राहिल्या. "हा पाय काळा पडला होता, दत्तोपंत. जो तो म्हणे, कापा. आणि हा माणूस महिनाभर जमिनीवर बसून, पाय मांडीवर घेऊन, स्वतःच्या हातानं धूत होता. शिव्या देत देत धूत होता! आता बघा!" असं म्हणून त्यांनी तो पाय असा आपटला, की माझी दौत कलंडली आणि 'उद्धट' या शब्दावर तळं साचलं.

मग यमुनाबाई. राजवाड्यातल्या चोळ्या शिवणाऱ्या, एकट्याच राहणाऱ्या बाई. पंधरा दिवस तापानं अंथरुणाला खिळलेल्या.

"इतकं गोड बोलणारं माणूस मी पाहिलं नाही हो," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "हात हातात घेऊन सांगतात, 'घाबरू नका, मी आहे.' तेवढ्यानंच निम्मा ताप उतरतो."

आता घ्या! एकाला मिरची, एकीला खडीसाखर! हा काय प्रकार? मी डोकं खाजवत घरी निघालो, आणि वाटेत एकदम मला म्हातारे रघुजी तेली आठवले. डॉक्टर त्यांच्याशीही असेच गोड बोलत. आणि रघुजी गेल्याच महिन्यात वारले!

उलगडा झाला! जो वाचणार त्याला डॉक्टर शिव्या देतात. ज्याची आशा उरली नाही त्याच्याशी गोड बोलतात! रघुजींचं वय एक्याण्णव होतं, ही बारीकशी गोष्ट शोधाच्या आनंदात माझ्या ध्यानात आली नाही.

हा शोध मी फक्त एकाच माणसाला सांगितला, आणि "कुठं बोलू नका" असं बजावून सांगितला. आमच्या न्हाव्याला.

आमच्या देवासला राजे दोन. रस्त्याच्या या बाजूला एकाचं राज्य, त्या बाजूला दुसऱ्याचं. एरवी इकडचा कागद तिकडे जायला महिना लागतो. माझा शोध मात्र दिवेलागणीच्या आत दोन्ही राज्यांत पोचला!

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यापुढे ही गर्दी!

"डॉक्टरसाहेब, मला दोन कडक शब्द बोला!"

"अहो, नुसतं गाढव म्हणा, मी जातो!"

एका बाईला डॉक्टर "बसा बाई" म्हणाले मात्र, ती हंबरडा फोडून पळाली. डॉक्टर हातात छाती तपासायची रबरी नळी धरून बघतच राहिले. "आज सबको हुआ क्या है?"

मी गर्दीत उभा राहून मजा बघत होतो. इतक्यात माझ्या छातीत अशी कळ आली, जणू कुणी आत तंबूची मेख ठोकली! मी डावीकडे वाकलो, उजवीकडे वाकलो. डॉक्टरांची नजर माझ्यावर पडली. ते लगबगीनं आले, पाठीवर हात ठेवला आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, "बसा भैया. घाबरू नका, मी आहे."

तेच शब्द! मी तिथंच आडवा झालो.

चौघांनी मला खाटेवर घालून घरी आणलं. माझी बायको दुर्गा धावत आली. मी तिचा हात धरला.

"अगं, जाण्यापूर्वी एक सांगतो. टोंकखुर्दहून तुझी आई इकडे यायला निघाली, की मीच पत्र धाडायचो. देवासला पटकीची साथ आहे म्हणून."

"दर वर्षी?"

"सहा वर्षं."

तिचा हुंदका मधेच थांबला. ती काही बोलणार, तोच डॉक्टर दारात आले. त्यांनी नळी लावली, पोटावर बोटं वाजवली. नगाऱ्यासारखा आवाज आला.

"काल काय जेवलात?"

"बळवंतरावांकडे... बाफले. कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले."

"किती?"

"नऊ."

"वायू आहे!" डॉक्टर ओरडले. "नऊ बाफले हाथी भी नहीं पचा सकता!"

"मग मघाशी गोड का बोललात?" मी कळवळलो.

"चेहरा पाहिला होता का आपला? घाबरलेल्याशी गोड बोलावं लागतं. बेफिकीर असेल त्याला रागावलं तरच तो औषध घेतो. आणखी काय?"

इतक्यात दुर्गा म्हणाली, "पण डॉक्टर, यमुनाबाईंनी तर औषध सोडलंय. सकाळपासून चोळ्या वाटतायत. म्हणतात, आता कशाला?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "हे कुणी पसरवलं?"

मी खाटेवरून हळूच बोट वर केलं. शिव्या येतील म्हणून डोळे मिटले. एकही आली नाही. ते मुकाट्यानं पिशवी उचलून निघाले. त्या न बोलण्यानं माझा वायू जागच्या जागी जिरला. मी मागोमाग धावलो.

यमुनाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. डॉक्टर उंबऱ्यात उभे राहिले, एक मोठा श्वास घेतला, आणि कडाडले:

"यमुनाबाई! अक्कल उज्जैनला गहाण टाकलीत का? पंधरा दिवस मी इथं खेटे घालतो, तो काय मस्करी म्हणून? ताप उतरत आला, अन् औषध सोडता? उठा आधी!"

बाईंनी मान वळवली. डोळे मोठे झाले. आणि मग चेहराभर हसू पसरलं.

"मला... मला बोललात?"

"अजून बोलेन!"

"बोला हो, बोला! पण आधी बाटली द्या इकडे." त्या आपल्या आपण उठून बसल्या.

बाहेर अंगणात येऊन डॉक्टर उपरण्यानं डोळे टिपत होते. "फार जड गेलं, पंत," ते म्हणाले. "कल मीठा बोलूंगा."

तिसऱ्या दिवशी मी दिवाणसाहेबांना कागद दिला: 'डॉक्टर उद्धट नाहीत. त्यांना कायम ठेवावे.' डॉक्टर राहिले. महिन्याभरात यमुनाबाईंची सुई पुन्हा चालू झाली.

माझी प्रकृतीही झकास आहे. सासूबाई आल्या आहेत. चार महिने झाले. जायचं नाव नाही. रोज सकाळी माझ्या ताटात अर्धीच भाकरी वाढतात आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा प्रेमानं विचारतात, "जावईबापू, आज साथ कशी आहे?"