बिनविरोध विरजण

गहिनीनाथ सात वर्षांपासून पीएच.डी. करत होता. विषय सूक्ष्मजीवशास्त्र, प्रबंध 'अवर्षणप्रवण क्षेत्रातील घरगुती विरजणात तग धरणारे जिवाणू' यावर. विरजण त्याच्या मायचं होतं. दसरा झाला की वच्छलाबाई शिरूर कासारकडच्या अर्ध्या गावाबरोबर ऊसतोडीला जायची आणि जाताना विरजणाची वाटी लेकाच्या हाती द्यायची. "माझ्या आजेसासूचं हाय. गुढीपाडव्याला आले की माघारी दे," एवढंच सांगायची.

दिवाळीनंतरच्या सोमवारी प्रबंध दाखल करायची शेवटची तारीख होती. एकच कागद राहिला होता: गावच्या दूध संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र. कारण प्रयोगाला दूध संस्थेचं वापरलं होतं. तेव्हा संस्थेत दूध होतं. यंदा जनावरं चारा छावणीत, सभासद उसाच्या फडात आणि संस्थेत एकटे चेअरमन मोहनराव होते.

मोहनरावांचीही अडचण होती. शनिवारी वार्षिक सभा, आणि गणपूर्तीला पन्नास सभासद हवेत. सभा तहकूब करून अर्ध्या तासाने तीच पुन्हा भरवायची जुनी सोय नव्या परिपत्रकाने बंद केली होती. सभा झाली नाही तर संचालक मंडळ बरखास्त.

"तुझ्या त्या विरजणाच्या नळीत जंतू किती हायेत बे?" मोहनरावांनी विचारलं.

"थेंबात कोटभर तरी असतील, आण्णा."

"लई झाले. मला पन्नासच लागत्यात. आन् तुला माझी सही लागती, सोमवारच्या आत."

"पण सभासदाचा दुधाशी संबंध पाहिजे, असा नियम हाय."

"मंग कावून न्हाई चालणार? त्यांच्याइतका दुधाशी संबंध तर माझाबी न्हाई!"

शनिवारी तालुक्याहून साहेब आले. हजेरीला अंगठा लागेल, म्हणाले. गहिनीनाथने काचेवर थेंब पसरला, जांभळा रंग दिला, धुतला, वरून गुलाबी दिला. जिवाणू जांभळे दिसू लागले. साहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, "शाई जांभळीच आहे," असं म्हणून 'हजर' हा शेरा मारला आणि मग थबकले.

"हे कोपऱ्यातले गुलाबी कोण?"

"टँकरच्या पाण्यातनं आले असतील, साहेब. त्यांच्यावर जांभळा रंग टिकत न्हाई."

"म्हंजे अंगठा देत न्हाईत!" मोहनराव उठूनच उभे राहिले. "विरोधी गट हाय हा. बाहेरून घुसलाय. उकळ त्यास्नी."

"आण्णा, उकळलं तर सगळेच मरत्याल!"

"मरू दे की. मयत सभासद आपल्या सभेला कवा गैरहजर राहिलेत का?"

मोहनरावांनी शिक्का टेबलावर काढून ठेवला. गहिनीनाथला रडू आलं. रडत रडतच त्याने शेगडी पेटवली आणि नळी उकळत्या पाण्यात सोडली. विरोधक मूळ विरजणातही लपले असतील, म्हणून साहेबांनी मायची वाटीही पाण्यात सोडायला लावली. चव्वेचाळीस अंशांचं ऊन आणि भारनियमन सोसलेले जिवाणू वार्षिक सभेत संपले. अकरा ठराव एकमताने मंजूर झाले. दुष्काळातही दूध संकलन वाढवल्याबद्दल चेअरमनांचं अभिनंदन, हा त्यातला एक.

कागद पुरे असल्यामुळे मौखिक परीक्षा महिन्याभरात लागली. बाहेरगावच्या परीक्षकांनी प्रबंध हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "धारूरची सीताफळं अजून मिळतात का हो?" गहिनीनाथने पेटीच आणली होती. तो डॉक्टर झाला.

पाडव्याला वच्छलाबाई आली. शेजारच्या भिवराबाईकडून तिने पेलाभर दूध आणलं, तापवलं, कोमट होऊ दिलं आणि विरजणासाठी हात पुढे केला. गहिनीनाथने त्या हातावर विद्यापीठाचा कागद ठेवला. तिने तो उलटून पाहिला, सुलटून पाहिला.

"हे घातल्यावर दही लागंल का रं?"

सभेचं इतिवृत्त पंधरा दिवस फळ्यावर होतं. कुणीही हरकत घेतली नाही. तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. पण तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेला तुम्ही गेला नव्हता, आणि हजेरीपटावर तुम्ही हजर आहात. शाईचा रंग तेवढा एकदा बघून या.