शंकररावांचं 'प्रॉबेब्ली'

विहीर कोरडी आहे का, एवढं विचारलं तरी आमच्या कचेरीतले शंकरराव सरळ उत्तर देत नसत. पिंगळी गावची विहीर त्यांनी स्वतः वाकून पाहिली आणि अहवालात लिहिलं, 'प्रॉबेब्ली कोरडी'. साहेब भडकले. शंकरराव शांतपणे म्हणाले, "मी पाह्यली तवा कोरडी होती. आता काय झालं आसंल, इथं बसून कसं सांगावं?"

निजामाच्या अमलात ते उर्दूत 'गालिबन', म्हणजे 'बहुतेक', असं लिहीत. राज्य गेलं, दफ्तर इंग्रजीत आलं, तसं त्यांनी मला, म्हणजे कचेरीतल्या एकुलत्या एका मॅट्रिक कारकुनाला, गाठून त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द मागून घेतला. पुढं मलाच पस्तावा झाला. जेवण झालं का? प्रॉबेब्ली. रोज संध्याकाळी ते स्टेशनवर पूर्णेहून येणारी गाडी बघायला जात. कोण येणार आहे? पाहुणा, प्रॉबेब्ली. पाहुणा कधी आला नाही. आम्ही मनमुराद हसायचो.

मग जुन्या नोकरांना नव्या सरकारात कायम करण्याचे फॉर्म आले. साहेबांनी बजावलं, कुठंही 'प्रॉबेब्ली' दिसलं तर फॉर्म रद्द आणि नोकरीही. कागद पाचच्या टपालानं जायचे होते. शंकररावांचा फॉर्म भरायला मीच बसलो. कुटुंबाच्या रकान्यात त्यांनी मुलाचं नाव सांगितलं, वसंत. त्यांना मुलगा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. हयात की मयत, मी विचारलं.

रझाकारांच्या धामधुमीत पोरगा पूर्णेला जाणाऱ्या गाडीत बसला, तो परतलाच नाही, एवढंच ते बोलले. साडेचार वाजून गेले. साहेब दारात येऊन उभे राहिले. तो शब्द तेवढा नको, असं मी हळूच विनवलं. मयत लिहिलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं.

"'नक्की'ला इंग्रजीत काय म्हन्तेत?" त्यांनी विचारलं.

सर्टनली, मी सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातून टाक घेतला आणि 'हयात'पुढं तो शब्द स्वतः लिहिला. साहेबांनी वाचलं, शंकररावांकडे पाहिलं आणि सही केली.

त्या संध्याकाळी मीही स्टेशनवर गेलो. इतके दिवस हसल्याची लाज वाटत होती. गाडीला उशीर झाला होता. आज येईल ना, मी विचारलं.

"गाडी?" रुळांकडे बघत शंकरराव म्हणाले, "प्रॉबेब्ली."