डॉक्टर नाफड्यांचा राग

आमच्या बीबी गावच्या डॉक्टर नाफड्यांनी पेशंटला शिव्या दिल्या, की त्याच्या घरी आनंदाने चुलीवर चहा चढायचा. आणि चुकून कधी "या, बसा हो, कसं वाटते?" असं विचारलं, की घरच्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. परगावच्या माणसाला हे उफराटं वाटायचं. आमच्याकडे मात्र शेंबडं पोरही सांगायचं, की डॉक्टरांचं तोंड चालू आहे तोवर माणूस कुठे जात नाही.

तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. नागपूरला शिकलेले, छातीच्या न् पोटाच्या रोगांची मोठी डिग्री घेतलेले नाफडे आमच्या बाजारगावात कशाला आले, देव जाणे. एकटे आले आणि एकटेच राहिले. लग्नाचा विषय काढला की "तुले दुसरं काही काम नाही काय बे?" हे ठरलेलं उत्तर. माझं कापडाचं दुकान त्यांच्या दवाखान्याच्या अगदी समोर, त्यामुळे या उत्तराचा प्रसाद सगळ्यात जास्त मलाच मिळाला. दिवसातून एकदा तरी आमचं कडाकडा भांडण व्हायचं. त्याशिवाय दोघांनाही जेवण जात नसे.

साध्या पेशंटसाठी ओट्यावर बाकडं होतं. जो अगदीच टेकीला आला असेल, त्याला डॉक्टर आपल्या राहत्या घराच्या आतल्या खोलीत ठेवायचे. गाव तिला 'शिरेस खोली' म्हणायचं. एक लोखंडी खाट, खिडकीच्या गजाला टांगलेली सलाईनची बाटली आणि एक स्टूल. पेशंट खाटेवर, डॉक्टर स्टुलावर. एकदा बसले की हलायचे नाहीत. भाकरीही तिथंच खायचे, तीही पेशंटला बोलता बोलता.

रशीदभाई मणियारांची म्हातारी अम्मा एकदा जुलाबांनी पार सुकून त्या खोलीत आली. रशीदभाई बांगड्यांची पेटी तशीच टाकून ओट्यावर बसलेले, सोबत अख्खा मोहल्ला. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "काऊन वं म्हातारे, शिळं मटण खायले कोणं सांगतलं होतं? तोंडात दात नाही अन् चवीले सगळ्याच्या पुढं! पी ते पाणी! थुंकलं तर पाह्यजो मंग!"

रशीदभाईंनी आभाळाकडे हात उचलले. "डाट रहे ना? बस, अम्मा बच गई."

आणि खरंच, अम्मा उठून बसली ती डॉक्टरांनाच दोन हासडून. त्या दिवशी डॉक्टर इतके खूश, की त्यांनी मला बोलावून भजी खाऊ घातली. भजी खाताना माझ्या ढेरीवरून बोलले ते वेगळं.

उलट, शेजारच्या खेड्यातून एक पाटील बैलगाडीत घालून आणले होते. त्यांच्याशी डॉक्टर मऊ आवाजात बोलले, "पाटील, काही खावंसं वाटते काय?" दिवस मावळायच्या आत पाटील गेले. असं आणखी एकदोघांचं झालं आणि गावानं आपलं शास्त्र पक्कं करून टाकलं.

मग माझी पाळी आली. ऐन थंडीत मला न्यूमोनिया झाला. अंगात फणफण ताप, श्वास घेतला की बरगडीत सुरी. मला उचलून शिरेस खोलीत नेलं. मी डोळे मिटून पहिल्या शिवीची वाट पाहत पडलो. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पेनिसिलिन टोचलं, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "नारायणराव, फार त्रास होऊन राह्यला काय हो?"

नारायणराव! या माणसानं आजवर मला नाऱ्याच्या वर चढू दिलं नव्हतं.

आमच्या मंडळींनी दाराशी ते ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. दुपारपर्यंत सुलतानपूरची माझी थोरली बहीण आली, ती फाट्यापासूनच गळा काढत. ओट्यावर माणसं जमली. एक शहाणा हळूच म्हणाला, "कापड बाहेरून आणाले नको, घरचंच हाये." मला स्वच्छ ऐकू आलं. न्यूमोनिया छातीला झाला होता, कानाला नाही.

डॉक्टर मला चमच्यानं पाणी पाजत होते. "घ्या हो, थोडंसं घ्या." निम्मं पाणी उशीवर सांडत होतं. खोटं कशाला बोलू, मला मरायचं नव्हतं. पोरी लग्नाच्या होत्या. आणि हा बाबा एक शिवी द्यायला तयार नाही! माझं डोकंच फिरलं. होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला आणि म्हणालो, "डॉक्टर, तुम्हाले काही येत नाही. मले मेहकरले न्या. तिथले डॉक्टर हुशार हायेत."

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. कान लाल झाले.

"काय म्हणला बे नाऱ्या? मेहकर? भर थंडीत ओल्या अंगानं विहिरीवर गप्पा हाणतो, दिवसभर बिड्या फुकतो, अन् अक्कल मले शिकवतो? छाती हाये का चिलीम हाये? गप पड! तू मरतो म्हटलं तरी मी मरू देत नाही तुले!"

ओट्यावरून रशीदभाई ओरडले, "डाट रहे! डाट रहे!" बहिणीनं रडणं अर्ध्यावर सोडून विचारलं, "चहाले दूध हाये काय वं घरात?"

ताप उतरायला मात्र बरेच दिवस लागले. एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "डॉक्टर, त्या दिवशी मी खरंच जाऊन राह्यलो होतो काय?"

"नाही बे. तुझ्याहून खराब छात्या बऱ्या केल्या मी."

"मंग इतकं गोड काऊन बोलले?"

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मले भेव लागलं, नाऱ्या. दुसऱ्याची नाडी धरली की मोजता येते. तुझी धरली अन् आकडेच सुचेनात. डोक्यात एकच, हा गेला तर समोरचं दुकान बंद दिसंल. सकाळी दार उघडून मी पाहू कोणाकडं?"

मी मनगट पुढं केलं. "पाहा बरं, आता कशी हाये?"

डॉक्टरांनी मनगट धरलं. ओठ हलले, आकडे मोजून झाले. "चांगली हाये," म्हणाले.

बाहेर बाकड्यावर पेशंट खोकत होते, कोणीतरी हाक मारत होतं. डॉक्टरांनी हात सोडला नाही, आणि मीही काढून घेतला नाही.