तुळशीरामआबांची घागर

आमच्या शेजारचे नाना पाहुण्याला चहाच्या आधी स्वतःचं कोपर दाखवतात. मग मोबाइलवर शंभर वर्षांपूर्वीचा मुका अमेरिकन सिनेमा लावतात, उंटामागून दिसणाऱ्या एका कोपरावर तो थांबवतात आणि विचारतात, "देख! आमना घरनंच कोपर शे का नही?"

ते कोपर तुळशीरामआबांचं, म्हणजे नानांच्या आजोबांच्या थोरल्या भावाचं. आबा धुळ्याजवळच्या खेड्यातून निघाले, बोटीवर खलाशी झाले आणि थेट अमेरिकेतल्या सिनेमात शिरले. तिथे ते अरब झाले, तुर्क झाले, चिनी आचारी झाले. हिंदुस्थानी तेवढे कधी झाले नाहीत. ते काम तोंडाला काजळी फासून एक गोरा करायचा! भूमिका कुठलीही असो, पाच मिनिटांत आबा खलास. नाना ते मरण आमच्या ओट्यावर करून दाखवतात. जळगावच्या उन्हात, पंचाहत्तराव्या वर्षी, "आते मरतीन, आते मरतीन" असं बजावून धाडकन पडतात. माझी आई आता दचकत नाही, नुसती उशी टाकते.

पण सगळ्यात गाजलं ते धुळ्यातलं मरण. भावकीतल्या एकाने तंबूतल्या सिनेमात आबांना गोळी लागताना पाहिलं आणि तो रडत गावी पळाला. झालं! तेरावं उरकलं, भावकी जेवून गेली आणि महिन्याभराने आबांचं पत्र आलं, तब्येत उत्तम आहे म्हणून. त्यांच्या आईने सगळ्या गावाला फैलावर घेतलं. "मन्हा पोऱ्याले आते कोनी मरेल म्हनानं नही!" शपथच घातली. पुढे पत्रं थांबली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. आबांची मात्र त्या शपथेपायी कधीच भरली गेली नाही.

यंदा आखाजीला नानांनी मला हाक मारली. त्यांच्या आईवडिलांच्या आणि काकूंच्या घागरींशेजारी आणखी एक घागर होती, वर खरबूज आणि सांजोऱ्या.

"नाना, आणि ती शपथ?"

"शंभर वरीस व्हयनात. तहान लागनी व्हई ना त्यास्ले."

मला हसू आलं, नाना मात्र हसत नव्हते. नानांना मूलबाळ नाही, काकू जाऊन तीन वर्षं झाली.

"मन्हा मांगे यास्नी कोन भरी? तू भरशी का?"

"भरीन," मी म्हणालो. तुमचीही भरीन, हे ओठांवर आलं होतं, पण बोलवलं नाही. मग नानांनी घागर भरताना घ्यायचं आबांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं.