खिडकीबाहेरचे हेडमास्तर

उरणजवळच्या खाडीकाठच्या शाळेत मी नव्याने रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी चौथीला आग्र्याहून सुटका शिकवत होते. मिठाईचे पेटारे आले, पहारेकरी आले, आणि पुढचं काही केल्या आठवेना. तेवढ्यात खिडकीबाहेरून दबका आवाज आला, "महाराज पेटाऱ्यात बसले..." मी दचकून तेच म्हणून गेले. पोरं हसली नाहीत. त्यांना सवय होती.

हे आमचे हेडमास्तर, वालावलकर गुरुजी.

इतर हेडमास्तर पाठ बघायला वर्गात येतात, खुर्ची टाकून बसतात, शेरा लिहितात आणि चहा मागवतात. आमचे गुरुजी वर्गात पाऊल टाकत नसत. मास्तर होण्याआधी ते एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हे काम. कंपनी बुडाली, गुरुजी ट्रेनिंग घेऊन शाळेत आले. विंग मात्र सुटली नाही.

पाठ संपला की व्हरांड्यात गाठून म्हणायचे, "बाई, भागाकार दुसऱ्या अंकात पडला. बाकी शून्य आली, तिथे टाळी होती. थांबायचं! तुम्ही आपल्या धावत सुटलात."

गावातलेच म्हात्रे मास्तर वैतागायचे. "मी पाढे शिकवतो का संगीत नाटक करतो, तेच मला समजत नाय!"

स्वतःच्या वर्गालाही गुरुजी मागूनच शिकवायचे. एका मुलीला फळ्याशी उभं करायचं आणि आपण शेवटच्या रांगेतून सांगायचं. आम्हाला वाटे, बुनियादी शिक्षणातली ही काहीतरी नवी पद्धत असणार.

मग डिप्टीसाहेब तपासणीला आले. मुलांना उपदेश करण्याचा त्यांना भारी नाद. "विद्यार्थ्याची पाच लक्षणं ऐका. काकचेष्टा, बकध्यान..." आणि साहेब अडकले.

"श्वाननिद्रा," खिडकी म्हणाली.

"श्वाननिद्रा, अल्पाहारी..." साहेब पुढे गेले आणि एकदम थबकले. "कोण आहे तिकडे?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "हेडमास्तर!"

साहेबांचे कान लाल झाले. "आत या. आता तुम्हीच आदर्श पाठ द्या. विषय तुमच्या आवडीचा."

गुरुजी आत आले. कोटाची बटणं लावली, खडू घेतला, मुलांकडे तोंड केलं. ओठ हलले, पण शब्द फुटेना. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. शेवटी खडू टेबलावर ठेवून ते बाहेर निघून गेले.

संध्याकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. विचारायच्या आधीच ते बोलू लागले.

"एकदा नायक आजारी पडला. मालकांनी मला उभं केलं. सगळं नाटक पाठ होतं हो! पण दिवे दिसले, माणसं दिसली आणि जीभ टाळूला चिकटली. लोक हसले. आमची मंडळी समोरच बसली होती, पहिल्यांदाच नाटकाला आलेली."

"मग?"

"घरी गेल्यावर बायकोशीही नीट बोलता येईना. सांगायचं पुष्कळ होतं. पुढे ती तापात गेली."

चहा तसाच निवला.

महिनाभरात हुकूम आला. पनवेलपलीकडच्या एका गावी बदली, आणि तीही साध्या शिक्षकाच्या जागेवर. निरोपाला सगळं गाव जमलं. हार घातला, नारळ दिला, आणि म्हात्रे मास्तर सवयीने म्हणून गेले, "गुरुजी, दोन शब्द बोला."

बोलल्यावर त्यांनी स्वतःची जीभ चावली. गुरुजी उभे राहिले. हातातला नारळ नुसता फिरवत राहिले. एक छानसं वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

बऱ्याच वेळाने गुरुजी म्हणाले, "मला... तुमच्यात बरं वाटलं."

पुढे बसलेली एक कोळीण पदराने डोळे पुसत म्हणाली, "समजला, मास्तर. आमाना समजला."

ओहोटी लागली म्हणून त्यांना न्यायला आलेला होडीवाला हाका मारत होता. तरी गुरुजी तिथेच उभे राहिले, एकेकाच्या तोंडाकडे बघत.